तो कप आपला नाही

ये गं चिंगे, इकडं सरक. अशी नाही, अजून जवळ. तू पुण्यात आणि मी नाशकात, हे मला कळतं, माझी काही बुद्धी फिरलेली नाही. पण तू समोर बसली आहेस असं धरल्याशिवाय माझा पेन पुढं सरकत नाही. तेव्हा बस. तो मोबाईल पालथा ठेव. आणि आधी माझी बोलणी खा.

तीन महिने झाले, तुझं तोंड दिसलं नाही. दर रविवारी फोन करतेस, "आजी, जेवलीस का, गोळी घेतलीस का" विचारतेस. तेवढ्यावर आजी जगते होय? बरं, ते राहू दे. खरी बोलणी दुसऱ्याच गोष्टीची आहेत. गेल्या रविवारी फोनवर काय म्हणालीस ते आठव. नव्या ऑफिसातलं सांगत होतीस. मॅडम किती चांगल्या, खुर्ची कशी फिरते, एसी किती गार. आणि मग म्हणालीस, "आजी, मॅडमनी मला माझा स्वतःचा कप दिलाय. गुलाबी. वर माझं नाव छापलंय."

इतकी हरखली होतीस. मी "हं" म्हटलं आणि फोन ठेवला. समोर माझा चहा होता, आलं किसून घातलेला, गवती चहाची दोन पाती घातलेला. त्याच्यावर साय धरेपर्यंत मी नुसती बघत बसले.

विचारायचं होतं तुला, बाकीच्यांना दिले का गं असे कप? का तुला एकटीलाच? आणि तो ठेवतात कुठं? अगदी ओठावर आलं होतं. फोनवर जमलं नाही. म्हणून लिहिते. अक्षर वाकडं आहे, वाचून घे.

मला पण एक कप मिळाला होता. गुलाबाच्या नक्षीचा.

मी गंगापूर रोडच्या एका सोसायटीत कामाला होते, तुला अंधुक आठवत असेल. दुसरा मजला. मालकीणबाईंना मी वहिनी म्हणायचे. त्या दिवशी वहिनींकडं भिशी होती. बारा बायका यायच्या. मी सकाळपासून साबुदाणा वडे, चटणी, काकडीची कोशिंबीर करत होते. शेवटी चहा. बारा कपांचा सेट होता, पांढरा, सोनेरी काठाचा. नेमकी एकीनं ठाण्याची बहीण बरोबर आणली. हॉलमधून आवाज आला, "मावशी, तेरा करा हं."

तेरा करा. कप बारा.

रोजचे कप वहिनींनी सकाळीच पेटीत भरून माळ्यावर टाकले होते, पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून. हाताशी एकच कप होता. माझा. तो मी घासला. परत घासला. गरम पाणी ओतलं, कोऱ्या फडक्यानं पुसला. आणि दिला कुणाला, तर त्या ठाण्याच्या बाईला. का म्हणशील, तर आपल्यात रीतच ती. नवं माणूस दारात आलं की घरातलं सगळ्यात चांगलं भांडं त्याच्यापुढं. माझ्या नजरेला तोच कप सगळ्यात चांगला होता. सोनेरी काठाच्या कपांहून चांगला. माझा होता ना.

ट्रे फिरला. पाहुणीनं कप उचलला. "अय्या, किती गोड कप आहे." एक घोट घेतला. "आणि चहा तर काय! गवती चहा घातलाय का?"

मी दाराशी उभी होते. फुलून गेले.

तेवढ्यात वहिनींचं लक्ष गेलं.

"अगं थांब, थांब. तो नको. तो कप आपला नाही."

"म्हणजे?"

"मावशींचा आहे तो. चुकून आलाय."

पाहुणीनं माझ्याकडं बघितलं, मग वहिनींकडं. नुसती भुवई वर केली. वहिनी वाकल्या आणि तिच्या कानाशी माझं आडनाव बोलल्या. हळूच. पण खोली गप्प झाली होती, मला ऐकू आलं. चार वर्षं झाली होती मला त्या घरात. माझं आडनाव कुणी तोंडानं घेतलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

पाहुणीनं कप खाली ठेवला, बोटांच्या टोकांनी. म्हणाली, "नाही नाही, माझं तसं काही नसतं हं." आणि उठून बेसिनकडं गेली. नळ सुटला. मला वाटलं हात धुत असेल.

ती गुळण्या करत होती.

एक नाही, दोन नाही. घशातून आवाज काढून. हॉलमध्ये तेवढाच आवाज. एक बाई म्हणाली, "चालतं गं, आजकाल कोण बघतंय." पण माझ्याकडं बघून म्हणाली नाही, चमच्याकडं बघून म्हणाली.

चहा माझ्या हातचा. पाती माझ्या दारची. तोच चहा बाकीच्या सगळ्या जणी पीत होत्या, एकीनं तर अजून अर्धा कप मागून घेतला. गुळण्या चहाच्या नव्हत्या. कपाच्या होत्या.

आता तू म्हणशील, आजी, तुला आधी कळलं नव्हतं? नाही कळलं. तीच माझी खरी लाज आहे. हाकलली गेले असते तर एवढी लाज वाटली नसती. मी तर हरखले होते गं. तुझ्यासारखीच.

पहिली तीन वर्षं त्या घरात मी नुसती मावशी होते. मावशी म्हटलं की आडनाव लागत नाही. चार वाजता चहा ठेवायचे, दोघी ओट्याला टेकून प्यायचो. हाताला येईल तो कप त्यांचा, हाताला येईल तो माझा. त्या नणंदेच्या कागाळ्या सांगायच्या, मी तुझ्या आजोबांच्या. हसायचो. त्यांच्या फळीवरच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असायच्या, त्यांच्याच अक्षरात. रवा, साखर, पोहे, चहा. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण डब्यात काय आहे ते मला ठाऊक होतं, मग वर काय लिहिलंय ते उमगायला किती वेळ? मी पहिला शब्द वाचला तो चहा. आठ दिवस ज्या त्या भिंतीवर च आणि ह शोधत हिंडत होते मी, येडीसारखी.

मग सोसायटीनं फतवा काढला, कामाला येणाऱ्या सगळ्यांचे कागद जमा करायचे, पोलिसांत द्यायचेत. मी मतदानाच्या कार्डाची झेरॉक्स दिली. वहिनींनी ती हातात घेतली आणि वाचली. त्यांना एवढा वेळ का लागला ते तेव्हा कळलं नाही. तोवर मला पण थोडं वाचता येत होतं. कागदावर माझं आडनाव होतं. मी वाचलं ते मला आपलं वाटलं. त्यांनी वाचलं ते त्यांना काय वाटलं, ते त्या बोलल्या नाहीत.

दोन दिवसांनी कप आला. खोक्यात, वर कागद लावून. "मावशी, तुमच्यासाठी खास आणला हो. तुमचा स्वतःचा. आवडला?"

आवडला! आवडला म्हणून काय विचारतेस! माझ्या उभ्या आयुष्यात माझी अशी एक वस्तू नव्हती. लग्नात आलेल्या भांड्यांवर पण तुझ्या पणजोबांचं नाव. घरी येऊन तुझ्या आजोबांना सांगितलं, शेजारणींना सांगितलं. शेजारीण म्हणाली, "बघ बाई, माणसं असावीत तर अशी." कपाची जागा वहिनींनीच दाखवली होती. स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत, खिडकीच्या कट्ट्यावर, फिनाईलच्या बाटलीशेजारी. "इथं ठेवत जा, म्हणजे फुटायचा नाही." मला ते पण खरं वाटलं. काळजी वाटली. आणि त्या दिवसापासून आमचं ओट्याला टेकून पिणं बंद झालं. वहिनी चहा हॉलमध्ये घ्यायला लागल्या. मला वाटलं, त्यांची टीव्हीवरची मालिका लागत असेल त्या वेळेला.

माणूस स्वतःला किती फसवतं बघ.

आणि फसायला मी काही नवखी नव्हते. माझ्या आईला मी बघितलं होतं. गावात आमची वस्ती ओढ्याच्या पल्याड, कळलं ना? आई दुसऱ्याच्या मळ्यात राबायची आणि मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या डोक्यावर घेऊन पंचवटीच्या बाजारात बसायची. निघायच्या आधी चूल पेटवून चहा करायची. दूध कुठलं? कोरा. गुळाचा. त्यात गवती चहाची पाती मुरगळून टाकलेली. घरात जर्मलची एक वाटी, तोंडं सहा. वाटी हातोहात फिरायची, आईकडून बापाकडं, मग आम्हा चार भावंडांत. आणि गंमत ऐक, आम्ही पोरं शेवटचा नंबर मिळावा म्हणून भांडायचो. कारण न विरघळलेला गूळ तळाशी राहायचा. मला वाटी शेवटी मिळाली की दिवसभर माझ्याइतकं श्रीमंत कुणी नाही. अजून थंडीत अंगात कापरं भरलं की मला गोधडी नाही आठवत, ती वाटी आठवते. तिचा चटका. दोन्ही हातांनी धरलेली.

पण बाजारात आई चहाला शिवायची नाही. समोर टपरी होती. बाकीच्या भाजीवाल्या प्यायच्या, आईला म्हणायच्या, "घे गं घोटभर." आई म्हणायची, "मला नाय सोसत बाहेरचा चहा. पित्त होतं."

मला हसू यायचं. घरी दोन-दोन वाट्या पिणाऱ्या बाईला पित्त? टपरीच्या खांबाला बाहेरच्या अंगानं खिळ्याला एक पेला अडकवलेला असायचा, टवका उडालेला. मला वाटायचं टपरीवाल्याचा असेल. तो पेला कुणाचा होता ते मला भिशीच्या दिवशी कळलं. गुळण्या ऐकताना. आई मरून तोवर किती वर्षं झाली होती.

तर भिशी उठली. बायका गेल्या. वहिनींनी गुलाबाचा कप कागदात गुंडाळून कचऱ्याच्या बादलीत टाकला. माझ्या देखत. आणि एक स्टीलचा पेला काढला. "मावशी, आजपासून हा घ्या. मगाचं काही मनाला लावून घेऊ नका. पाहुणी जरा जुन्या वळणाची आहे." पेल्यात चहा ओतला, वरून, धार धरून. पेल्याला पातेलं लागू न देता.

आणि मी प्यायले.

लिहू नये असं वाटतं पण लिहिते. प्यायले. उभ्यानं, त्या बाल्कनीत. त्या दिवशी प्यायले, दुसऱ्या दिवशी प्यायले, पुढं जवळजवळ वर्षभर प्यायले.

कारण तुझा बाप. तुझा बाप तेव्हा अंबडला वर्कशॉपमध्ये होता. वर्कशॉप वहिनींच्या साहेबांचं. मीच हात जोडून चिकटवला होता त्याला. त्याच्या पगारावर तुझी इंग्रजी शाळा, तुझा तो लाल टाय, तुझ्या आजोबांचं औषध. मी पेला ठेवला की त्याचं काम गेलं. हे कुणी बोललं नव्हतं. बोलायची गरज नव्हती. दावणीच्या बैलाला दोरी किती लांब आहे ते सांगावं लागत नाही.

ज्या चहावर मी वाढले त्याची वेळ झाली की पळून जावंसं वाटायचं. फिनाईलचा वास चहात उतरायचा. एकदा मी तो कुंडीत ओतला. दोन दिवसांनी वहिनी म्हणाल्या, "मावशी, चहा आवडेनासा झाला का?" त्यांचं लक्ष होतं. परत प्यायला लागले.

बाल्कनीला जाळी होती. जाळीतून समोरची इमारत दिसायची, मागची बाजू. कपडे, बादल्या, झाडू. आणि मग एक दिवस मला दिसायला लागलं. पहिल्या मजल्यावर जाळीत पालथा घातलेला एक कप. तिसऱ्यावर एक प्लॅस्टिकचा मग. चौथ्यावर स्टीलची वाटी आणि ताटली. आधी पण असणारच ते, मला दिसत नव्हतं एवढंच. समोरच्या तिसऱ्या मजल्यावरची कामाची बाई आणि मी एकाच वेळेला चहा प्यायचो. ती तिच्या जाळीत, मी माझ्या. एकमेकींकडं बघायचो नाही.

घरी तुझा बाप विचारायचा, "आई, साहेबांच्या घरी बरं हाय ना?"

"लय चांगली माणसं," मी म्हणायचे. "चहा तर असला देतात."

एकच मजा होती, सांगते. वहिनींना माझ्याच दारची पाती लागायची. बाजारातल्या गवती चहाला तसा वास नाही म्हणायच्या. मी रोज चार पाती पिशवीतून न्यायचे. ती कुठं उगवायची ठाऊक आहे? आपल्या मोरीच्या पाण्यावर. आपल्या खरकट्या भांड्यांचं, आपल्या आंघोळीचं पाणी पिऊन वाढलेली पाती ते घर सकाळ-संध्याकाळ उकळून पीत होतं, आणि "वा" म्हणत होतं. मी एकटीच हसायचे. पण हसून दार उघडत नाही गं. जाळी जाळीच्या जागी राहते.

मग तो मे महिना आला. तू सात वर्षांची होतीस. शाळेला सुट्टी, तुझी आई तापानं पडलेली, म्हणून तुला बरोबर नेलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वर्तमानपत्र अंथरून बसवलं. तू पाटीवर बदक काढत होतीस. वहिनींनी तुला दोन बिस्किटं दिली, वर्तमानपत्रावर ठेवून. गालाला हात मात्र लावला नाही. "गोड आहे हो नात." चार वाजले. मी चहा ठेवला.

वहिनी आतून आल्या. हातात एक छोटा कप, प्लॅस्टिकचा, पिवळा. त्यावर बदक.

"हा चिंगीसाठी. हिला पण हिचा स्वतःचा कप हवा ना?"

आणि तो घेऊन त्या बाल्कनीत गेल्या. कट्ट्यावर, माझ्या पेल्याशेजारी, फिनाईलच्या बाटलीला लावून ठेवला.

तू टाळ्या वाजवल्यास. "आजी, मला पण! तुझ्या शेजारी!"

पातेल्यातला चहा वर आला. मला दिसत होतं तो वर येताना. मी गॅस बारीक केला नाही. तो उतू गेला, ओट्यावरून ओघळला, फरशीवर आला. चाळीस वर्षं चहा करत होते, माझा चहा कधी उतू गेला नव्हता.

मग मी गॅस बंद केला. बाल्कनीत गेले, पेला आणि बदकाचा कप उचलला, हॉलमध्ये जाऊन वहिनींच्या समोरच्या काचेच्या टेबलावर ठेवले.

"वहिनी, चहा झालाय. ह्यातला एक तुम्ही घ्या, एक मी घेते. पोरीला तुमच्या सेटमधला द्या."

"हे काय मावशी? काय झालं एकदम?"

"घ्या ना."

"तुम्ही ना, फार मनाला लावून घेता. आम्ही असलं काही मानत नाही हो. स्वच्छतेचा प्रश्न असतो. तुम्ही चार घरी जाता."

"मी एकाच घरी येते वहिनी. तुमच्या."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग एकदम गोड आवाजात म्हणाल्या, "मुलगा ह्यांच्याकडंच आहे ना अजून?"

"आहे."

"मग?"

वर्षभर जे बोललं गेलं नव्हतं ते त्या "मग"मध्ये आलं. मी मागं बघितलं. तू दारात उभी होतीस, अर्धं बिस्किट हातात, टेबलावरच्या कपाकडं डोळे. मला बरं वाटलं असतं तू रुसली असतीस तर, घाबरली असतीस तर. तू खूश होतीस. त्या कट्ट्यावर जागा मिळाली म्हणून तू खूश होतीस.

मी म्हटलं, "लेकाचं लेक बघंल. नातीचा कप मी बघते. माझ्या हातचा चहा चालतो, माझ्या दारची पाती चालते, तोंड लागलेला कप तेवढा चालत नाही. मग आजपासून चहा पण नाही अन् पाती पण नाही."

स्वयंपाकघरात आले. राहिलेली पाती पिशवीत भरली. तुझा दंड धरला. जिन्यात उतरलो तर वरून वहिनींची हाक, "अहो मावशी, आजचा तरी गाळून जा!"

ह्या वाक्याला मी अजून हसते. हसता हसता मध्येच हसू थांबतं.

बसस्टॉपपर्यंत तू रडत होतीस. "माझा बदकाचा कप! माझा कप!" पुढं दोन वर्षं तू येईल त्याला सांगायचीस, आजीनं मला माझा कप आणू दिला नाही. मी कधी उत्तर दिलं नाही. हे ते उत्तर.

आणि आता दुसरं. आठ दिवसांत वर्कशॉपात तुझ्या बापाला सांगितलं, ऑर्डर कमी आहेत, उद्यापासून येऊ नको. तो घरी आला आणि उंबऱ्यातच बसला. "एका कपापायी आई? एका कपापायी?" दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मार्केट यार्डात पोती उचलायला लागला. त्याची पाठ वाकली आहे ना, तू पुण्याहून पट्टा पाठवलास तिला, ती त्या पोत्यांनी. तुझी इंग्रजी शाळा सुटली. तुला आम्ही सांगितलं, लांब पडते. लांब नव्हती गं. तुझा लाल टाय तुझ्या आईनं पेटीत ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं की तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं. कुणी मला शाबास म्हटलं नाही. वस्तीत पण नाही. शेजारीण म्हणाली, "एवढा ताठा आपल्याला परवडतो का?"

मी बरोबर केलं का? तुझ्या बापाच्या पाठीकडं बघून मला बोलता येत नाही. तो बदकाचा कप आठवला की येतं.

आणि मी सुटले असं समजू नको. आज मी पंचवटीत माझ्या आईच्याच बाजारात गवती चहाच्या जुड्या विकते, कुणाची बांधील नाही. तरी कुणाच्या घरी गेले की आधी बघते, कप कुठून काढला. फळीवरून का खिडकीतून. सगळ्यांचे सारखे का माझा वेगळा. समोरचं माणूस "घ्या ना, निवतोय" म्हणतं आणि माझा हात पुढं होत नाही. मागच्या महिन्यात आपल्या आळीत नवीन बिऱ्हाड आलं, सूनबाई हाक मारून घेऊन गेली. सगळ्यांना काचेचे कप, मला स्टीलचा. बिचारीकडं काचेचे कप पाचच असतील, मला नंतर कळलं, तिनं स्वतः पण स्टीलच्यातच घेतला. पण माझ्या तोंडातून गेलं होतं, "नको बाई, मला बाहेरचा चहा नाही सोसत. पित्त होतं."

आईचं वाक्य. शब्दाला शब्द. ते माझ्या तोंडात कधी येऊन बसलं होतं मला ठाऊक नाही.

घरी येऊन मी तशीच बसून राहिले. आणि दुसऱ्या दिवशी त्या सुनेच्या दारात गेले. म्हटलं, "पोरी, काल खोटं बोलले. चहा ठेव. कालच्याच पेल्यात दे." प्यायले. घशातून उतरत नव्हता, उतरवला. साखर लय होती.

तेव्हा ठरवलं, हे पित्त माझ्यापाशी संपणार. आईनं त्याला पित्त म्हटलं. मी त्याला भेट म्हटलं. तू त्याला काय म्हणणार आहेस ते मला माहीत नाही, म्हणून तर रविवारपासून जीव थाऱ्यावर नाही.

कदाचित सगळ्यांनाच कप दिले असतील. असतील तर तुझी आजी येडी, खुशाल हस. पण ऑफिसात गेलीस की डोळ्यांनी बघ. त्या ऑफिसातले बाकीचे कप कुठं असतात आणि तुझा कुठं असतो. धुतो कोण. कशानं. मॅडमचा कप तुझ्या कपाशेजारी पालथा पडलेला कधी बघितलास का. नसेल तर विचार. सगळ्यांच्या देखत विचार, कानात नको. त्या "हायजीन" म्हणतील, "तसं काही नाही" म्हणतील, गोड बोलतील. गोड बोलतील तेव्हा जास्त नीट ऐक. नोकरी सोड असं मी म्हणत नाही. खोलीचं भाडं मला कळतं, बापाची पाठ मला कळते, दोरी किती लांब असते ते माझ्याहून जास्त कुणाला कळतं? पण त्या वेगळ्या कपातला एक घोट घेऊ नको. एक पण नाही. चहावाचून राहा. आणि कुणी विचारलं तर पित्त म्हणू नको, खरं कारण सांग, आडनावासकट, मोठ्यानं.

मी तिथं उभी राहिले ते राहिले. परत त्या जाळीत माझ्या घरचं माणूस मी उभं राहू देणार नाही. त्यासाठी पुन्हा काही सुटायचं असेल तर सुटू दे. तुझा बाप पुन्हा बोलायचा बंद झाला तर होऊ दे.

आता ऊठ, पाय अवघडला असेल. ह्या शनिवारीच ये. सकाळची गाडी धर. कप तिथं सगळ्यांच्या रांगेत असेल तर तिथंच राहू दे, मोकळ्या हातानं ये. नसेल तर पिशवीत घालून घेऊन ये, आपल्या दारातल्या दगडावर मीच तो फोडीन. तुझ्या हातात काय आहे ते बघितल्याशिवाय मी चहाचं आधण ठेवणार नाही. पाती खुडून ठेवली आहे. ये लवकर.